माशावरची छत्री

"वैजू, आज तरी तोंड आवर," मामा जेटीवर माझ्या कानाशी लागून म्हणाला. "बोटीत बसायचं, गोड हसायचं आणि संध्याकाळी घरी येऊन हो म्हणायचं. एवढंच काम आहे तुला."

"आणि मासे?"

"मासे ते पकडतील. तू नुसती बघ."

रेवदंड्याच्या जेटीवर आम्ही सकाळीच येऊन उभे होतो. ऑक्टोबरचं ऊन, आठ वाजले नाहीत तोच पाठ भाजायला लागलेली. पुण्याच्या गाडीतून एकेक जण उतरत होता आणि मी बघतच राहिले. खिसेच खिसे असलेली जाकिटं, बोटं कापलेले हातमोजे, नाकापर्यंत ओढलेली फडकी, डोळ्यांवर काळे चष्मे. दरोडा घालायला निघालेत की मासे धरायला, कळेना. सगळ्यांच्या टोप्यांवर क्लबचं नाव भरतकामात काढलेलं: सह्याद्री सॉल्टवॉटर फ्लाय क्लब. सह्याद्रीत खारं पाणी कुठून आलं, हे माझ्या अगदी जिभेवर होतं, पण मामाकडे बघून गिळलं.

त्या टोप्यांतली एक टोपी तुषार कर्णिकची. माझ्यासाठी आलेलं स्थळ. मुलगा पुण्यात इंजिनीअर, स्वतःचा फ्लॅट, व्यसन नाही, घरात सासू नाही, फक्त वडील. पत्रिका जुळली होती, बघण्याचा कार्यक्रम झाला होता, मामी तर मनातल्या मनात रुखवतही मांडून बसली होती. राहिला होता तो माझा होकार. तुषारनेच सुचवलं, की आमच्या क्लबची बोट तुमच्याच खाडीत येतेय, तिलाही येऊ दे, एकमेकांची ओळख होईल. त्या दिवशी संध्याकाळी मंडळी मामाच्या घरी यायची आणि पक्कं करूनच पुण्याला जायची, असं ठरलं होतं.

मी तेव्हा अलिबागच्या एका शाळेत पी.टी. शिकवत होते. वडील गेल्यापासून आई आणि मी मामाकडेच. आधी आलेल्या दोन स्थळांना मी नाही म्हटलं होतं, त्यामुळे घरात माझी किंमत जरा उतरलीच होती. त्यात आईने नवस केलेला, वैजूचं ठरेपर्यंत मासे खाणार नाही म्हणून. सीकेप्यांच्या घरात बाईने मासे सोडणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना नाही कळायचं. पापलेट तळलं जात असताना ती ताटात दहीभात कालवून बसायची आणि माझ्याकडे बघायची. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बोटीत आम्ही सहा जण. तुषार. क्लबचे अध्यक्ष डॉक्टर रणदिवे, दातांचे डॉक्टर, पण बोलणं असं की जणू समुद्र यांनीच खणून घेतलाय. फोटो काढणारा ओक. बोटवाला हरेश, त्याला क्लबने एक टोपी दिली होती, त्यामुळे तोही त्यांच्यातलाच झाला होता. मी. आणि तुषारचे वडील, नाना. मुलगामुलगी एकटी जाणं बरं दिसत नाही म्हणून नानांना आणलेलं. पांढरा शर्ट, पायात चपला, हातात वाकड्या मुठीची काळी छत्री. टोपी त्यांना कुणी दिली नव्हती, ते क्लबचे मेंबर नव्हते.

"बाळ, तुला बोट लागत नाही ना?" नानांनी मला विचारलं.

"नाही. तुम्हाला?"

"मला बीपी आहे. बोट लागत नाही, ऊन लागतं."

बोटीवर पाइपांवर ताणलेलं चांगलं जाड कापडाचं छत होतं. जेटी सुटून पाच मिनिटं झाली नाहीत तोच रणदिव्यांनी हुकूम सोडला, "हरेश, हे काढ."

"सगला, सायब?"

"सगळं. पाइपसुद्धा. बॅक-कास्टला अडकतं."

म्हणजे काय, ते मला नंतर दिसलं. या लोकांची काठी लांबलचक आणि दोरी त्याहून लांब. ती दोरी आधी मागे भिरकवायची, मग पुढे, मग पुन्हा मागे, मग पुन्हा पुढे, आणि एवढा तमाशा केल्यावर एकदाची पाण्यात टाकायची. बोटीत एका वेळी एकानेच उभं राहून दोरी फेकायची, बाकीच्यांनी माना खाली घालून बसायचं. दोरीच्या टोकाला गळ, आणि गळाला मासा फसावा म्हणून बांधलेली पिसं.

छत गेलं. नानांनी छत्री उघडली.

"नाना, छत्री मिटा," तुषार म्हणाला. "दोरी अडकेल."

"अरे, ऊन आहे."

"आत्ता थोडा वेळच. मासा लागला की उघडा."

नानांनी छत्री मिटली. रुमाल काढून डोक्यावर टाकला, तो वाऱ्याने उडाला. मग तसेच बसले. मी माझ्या ओढणीचं टोक त्यांच्यापुढे केलं, तर संकोचून नको म्हणाले.

तुषार माझ्याजवळ आला. काळा चष्मा काढून त्याने जाड भिंगांचा लावला होता, तरी मुलगा दिसायला छान होता, ते कशाला नाकारू? त्याने खिशातून एक डबी काढली. आत रांगेने पिसांचे झुपके.

"ही सगळी मी स्वतः बांधलीत," तो म्हणाला. "ही बघा, कोंबड्याच्या मानेची पिसं. ही चमकी. पाण्यात ही हुबेहूब कोळंबीसारखी दिसते."

"मग कोळंबीच का नाही लावत?" मी विचारलं.

ओकने कॅमेरा खाली केला.

"मॅडम," रणदिवे म्हणाले, "खरी कोळंबी लावणं म्हणजे फिशिंग नाही. ती माशाची फसवणूक आहे."

"आणि पिसांची कोळंबी करून दाखवणं?"

"ती कला आहे."

मी मामाची आठवण काढली आणि हसले. नाना खाली बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

"आणि मासा मिळाला की?" मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

"सोडून देतो," तुषार म्हणाला. त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. "मोजायचा, फोटो काढायचा आणि सोडायचा. आपल्या हातातून तो स्वतःच्या बळावर पोहत गेला, तरच क्लब तो हिशेबात धरतो. मेला तर नाही धरत. त्यालाही त्याचं आयुष्य आहे ना."

"मग धरता कशाला त्याला?"

"तुम्ही बघाल ना, तेव्हा कळेल."

कपाळ माझं. आमच्याकडे जिताडा घरी आला की शेजारी चार घरांत वाटा जातो, डोक्याचं कालवण कुणी खायचं यावरून भावाभावांत वाजतं. आणि हे शहाणे पुण्याहून पेट्रोल जाळत यायचे, त्याच्या तोंडात गळ घालून त्याला दमवायचे आणि वर म्हणायचे, त्याला त्याचं आयुष्य आहे.

खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक दांडा आहे. ओहोटीला तो वर येतो. त्याच्या कडेला हरेशने बोट थांबवली आणि नांगर टाकला. मग सुरू झालं भिरकावणं. आधी रणदिवे, मग ओक, मग तुषार. मागे, पुढे, मागे, पुढे. मासा काही लागेना. बोलायचं नाही, पाय आपटायचा नाही, मासा बिथरतो. मला शिंक आली तर रणदिव्यांनी वळून असं बघितलं की जणू मी देवळात चपला घालून शिरलेय. ऊन पार डोक्यावर आलं. बोटीचा पत्रा एवढा तापला की हात टेकवेना.

"तुषार," नाना हळूच म्हणाले, "जरा सावलीला जाऊ या का रे? मला गरगरतंय."

"नाना, पाचच मिनिटं. आता ओहोटी लागलीय, आता तो तोंडाशी येतोच."

"छत्री तरी उघडू?"

"नाना, प्लीज."

मी म्हटलं, "अहो, त्यांना बरं वाटत नाहीये."

"त्यांना सवय आहे उन्हाची," तुषार म्हणाला. दोरीवरची नजर काही त्याने काढली नाही.

आणि तेवढ्यात लागला! काठी अशी वाकली की मला वाटलं मोडलीच. रीळ किंचाळायला लागलं. रणदिवे ओरडले, "जाऊ दे! जाऊ दे त्याला! काठी वर!" ओक ओरडला, "जिताडा आहे! जिताडा!" पाण्यातून तो चंदेरी मासा उसळला, डोकं झाडलं आणि धप्पकन आपटला. खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला. केवढं सुंदर जनावर ते! बराच वेळ तो ओढत होता, हा सोडत होता, मग हा ओढत होता. शेवटी रणदिव्यांनी जाळीत घेतला. सहा-सात किलोचा तरी असेल. क्लबमध्ये आजवर कुणाला पिसाच्या गळावर जिताडा मिळाला नव्हता म्हणे. तुषारच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने मासा छातीशी धरला.

"फोटो!" रणदिवे म्हणाले.

ओकने फोटो काढला. मग रणदिव्यांनी कॅमेऱ्यात डोकावून बघितलं. "टोपीवरचं नाव दिसत नाहीये. पुन्हा."

पुन्हा काढला. आता फोटोत माशाचं शेपूट कापलं गेलं होतं. पुन्हा. मग तुषार आणि रणदिवे मिळून. मग मोजायची पट्टी शेजारी ठेवून. मग हरेशलाही मागे उभा केला, तोही टोपी नीट करून उभा राहिला. या सगळ्यात मासा आधी तडफडत होता, मग नुसतं तोंड उघडत होता, मग तेही थांबलं. पाण्यात सोडला तर पोट वर करून तरंगायलाच लागला.

"अरे देवा," तुषार म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. जाकिटासकट त्याने पाण्यात उडी टाकली. दांड्यालगत पाणी कमरेएवढं होतं. त्याने माशाचं शेपूट एका हाताने धरलं, दुसरा हात पोटाखाली घातला आणि त्याला पुढे-मागे ढकलायला लागला. म्हणजे कल्ल्यांत पाणी जातं आणि त्याचा श्वास सुरू होतो. रणदिवे आणि ओकही उतरले. ओकने कॅमेरा वर धरलेला.

"हळू, हळू," रणदिवे म्हणत होते. "प्रवाहाकडे तोंड कर त्याचं. उन्हाने त्याच्या डोळ्यांना त्रास होतोय. सावली करा! काहीतरी सावली करा!"

आणि त्यांनी बोटीत हात घातला, नानांच्या पायाशी पडलेली छत्री उचलली, उघडली आणि त्या माशावर धरली.

मी आधी हसले. खरंच हसले. दातांचा डॉक्टर कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून एका माशावर छत्री धरून बसलाय, हे बघून कोण हसणार नाही? हसत हसत मी नानांना दाखवायला वळले, तर नाना फळीवरून घसरत होते. ओठ पांढरे, डोळे अर्धे मिटलेले, कपाळावर घामाचा थेंब नाही. मी त्यांना काखेत धरून खाली निजवलं. अंग चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारखं तापलं होतं.

"तुषार! नानांना बघा!" मी ओरडले.

"एक मिनिट!"

"एक मिनिट नाही, आत्ता या! बेशुद्ध पडतायत ते!"

"अहो, मी हात सोडला तर हा मरेल!" तुषार ओरडला. मग मान न वळवताच त्याने हाक मारली, "नाना! ठीक आहात ना?"

नानांनी डोळे उघडले. सगळं बळ गोळा करून म्हणाले, "हो हो. ठीक आहे मी. तू मासा बघ."

"बघा," तुषार मला म्हणाला, "ठीक आहेत ते."

माझं डोकंच फिरलं. "हरेश, इंजिन चालू कर. जेटीला चल."

हरेशने पाण्यात उभ्या असलेल्या तिघांकडे बघितलं. "सायब बोलतील तसं."

"इंजिन नको!" रणदिवे किंचाळले. "त्या हादऱ्याने हा दगावेल! मॅडम, थोडा धीर धरा. तुम्हाला कल्पना नाही, क्लबच्या इतिहासात—"

"तुमचा इतिहास गेला खड्ड्यात!" शाळेच्या मैदानावर सबंध शाळेला एका हाकेत उभं करणारा माझा आवाज होता, तो मी त्या दिवशी सगळा वापरला. सलवार-कमीजसकट मी पाण्यात उतरले आणि रणदिव्यांपुढे हात केला. "छत्री द्या."

"मॅडम, फक्त—"

"द्या म्हणते ना!"

मी ती हिसकावूनच घेतली. आणि तुम्हाला वाटेल की आता तरी हे लोक शरमले असतील. छे हो! तुषार म्हणाला, "ओक, टोप्या! टोप्यांनी सावली करा!" आणि त्या दोघांनी आपल्या टोप्या आणि तुषारच्या डोक्यावरचीही काढून त्या माशावर धरल्या. सकाळपासून नानांच्या टकलावर त्यातली एक आली नव्हती, आणि आता माशावर तीन तीन.

मी बोटीत चढले. हरेशच्या हातात छत्री दिली आणि सांगितलं, ही हलली तर बघ. बर्फाच्या पेटीत यांच्या सरबताच्या बाटल्या होत्या. बर्फ फोडून ओढणीत बांधला, नानांच्या डोक्यावर ठेवला, मानेखाली ठेवला, शर्टाची बटणं काढली, लिंबाचं सरबत घोट घोट पाजलं. बऱ्याच वेळाने नानांना घाम फुटला आणि माझा जीव भांड्यात पडला. मी रडत होते हे मला तेव्हा कळलं.

"रडू नको गं," नाना म्हणाले. "मी ठीक आहे."

"गप्प बसा तुम्ही," मी म्हटलं. "ठीक आहे, ठीक आहे! मघाशीही ठीकच होतात."

तेवढ्यात खाली आरोळी उठली. माशाने शेपूट झाडलं होतं. तुषारने हात उघडले, जिताडा क्षणभर तसाच थांबला आणि मग सपकन खोल पाण्यात गेला. तिघांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. तुषार तर ढसाढसा रडला. ओला चिंब होऊन बोटीच्या कडेला आला आणि म्हणाला, "नाना, गेला! स्वतःच्या बळावर गेला!"

"छान," नाना म्हणाले.

एवढ्या वेळात ओहोटीने आपलं काम केलं होतं. बोट वाळूला टेकली होती. आता तिघे मेंबर आणि हरेश तिला ढकलायला उतरले. "एक, दोन, तीन" करत ते मागून जोर लावत होते आणि बोट काही हलत नव्हती. वर मी आणि नाना, दोघेच, छत्रीखाली.

"संध्याकाळी काय सांगणार आहेस?" नानांनी एकदम विचारलं.

मी ओढणीतला बर्फ सारखा करायला लागले.

"मी कुणाला सांगणार नाही. बोल."

"नाही म्हणायचंय मला," मी म्हटलं. "पण म्हणता येणार नाही."

"का?"

"मुलीच्या नाहीला आमच्याकडे कोण नाही समजतं? मागच्या वेळी मी नाही म्हटलं तर सहा महिने घरात तेच. का नाही, कशासाठी नाही, तुला कोण राजपुत्र हवाय. मामी बोलायची, मामा बोलायचा, शेजारचे बोलायचे. शेवटी त्या मुलाचंच दुसरीकडे ठरलं, तेव्हा सुटले. आता आईने मासे सोडलेत. माझ्यात पुन्हा ते सोसायचं बळ नाही, नाना. मी हो म्हणून टाकणार आहे."

नाना दांड्याकडे बघत होते. तिथे बगळे उतरायला लागले होते.

"वाईट नाही तो," ते म्हणाले. "दारू नाही, सिगारेट नाही. कुणावर हात उचलायचा नाही."

"माहीत आहे."

"त्याची आई असती ना, तर तिने मला छत्री मिटूच दिली नसती. मीच मूर्ख. मुलाला नाही म्हणायला शिकलोच नाही." मग म्हणाले, "बरं. मी काही ऐकलेलं नाही."

बोट सुटली. परतताना तुषार माझ्या शेजारी येऊन बसला. अंगाला चिखल, पण चेहरा कसा उजळलेला.

"तू नानांचं फार छान केलंस आज," तो म्हणाला. सकाळचं अहोजाहो गेलं होतं. "मला खरं सांगायचं तर अशीच मुलगी हवी होती. नानांकडे बघणारं कुणीतरी घरात हवंच होतं, मला शनिवार-रविवार क्लब असतो ना. माझा होकार आहे. नक्की."

घ्या! मी त्यांचा म्हातारा वाचवला म्हणून त्यांना मी पसंत पडले. त्याला मी आवडलेच नसते तर बरं झालं असतं, पण नाही, माझ्याच हाताने मी माझा सौदा पक्का केला होता.

घरी आल्यावर नानांना मामाच्या खोलीत निजवलं. मी स्वयंपाकघरात सगळं सांगितलं, छत्रीसकट. मामी ओल्या नारळाच्या करंज्या तळत होती. ती म्हणाली, "पुरुष सगळे असेच असतात गं. लग्न झालं की येतो ताळ्यावर." आणि आई म्हणाली, "अगं, माशावर एवढी माया करतो, तो तुझ्यावर नाही करायचा?"

माया म्हणे, डोंबल! साडी नेसले.

संध्याकाळी सगळे पुढच्या खोलीत बसले. रणदिवे आणि ओकही होते, ते कॅमेऱ्यातला मासा सगळ्यांना दाखवत होते. मामाने पेढ्यांचा पुडा आधीच आणून कपाटावर ठेवला होता. करंज्या फिरल्या, चहा फिरला. मामाने घसा साफ केला.

"मग नाना, मुलांचं तर जुळलेलं दिसतंय. आमची वैजू—"

"आमच्याकडून तर होकारच—" तुषार म्हणाला.

"आमच्याकडून नकार आहे," नाना म्हणाले.

मामाने हातातली बशी खाली ठेवली. मला वाटलं, माझ्याच कानांत काहीतरी झालंय.

"नकार म्हणजे?" मामा म्हणाला.

"म्हणजे मुलगी आम्हाला पसंत नाही."

"अहो पण का? काही कारण?"

नानांनी चहाचा घोट घेतला. "मुलीला चष्मा आहे."

सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. मला चष्मा नव्हता. माझी नजर अशी की मैदानाच्या त्या टोकाला पोराने चिंच तोंडात टाकली तरी मला दिसायची. उलट तुषारच्याच नाकावर जाड भिंगं होती.

"हिला?" मामा म्हणाला. "हिला कुठे चष्मा आहे?"

"लागेल."

"लागेल?"

"चाळिशीत लागतोच."

"नाना, काय बोलताय तुम्ही?" तुषार उठून उभा राहिला. "मला ती पसंत आहे! मला चालतो चष्मा!"

"तू बस खाली," नाना म्हणाले. "मोठी माणसं बोलतायत. मला नाही चालत." आवाज चढलेला नव्हता, पण तुषार बसला. बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच बापाने नाही म्हटलेलं त्याने ऐकलं असावं.

मामाने पत्रिकेची आठवण करून दिली. नाना म्हणाले, पत्रिकेत डोळे दिसत नाहीत. मामाने डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणतो म्हटलं. नाना म्हणाले, आजचं आणाल, चाळिशीचं कुठून आणाल? माझ्या लक्षात यायला लागलं होतं. या माणसाने कारणच असं शोधलं होतं की त्यावर माझ्यावर कुणी बोट ठेवू शकणार नव्हतं. मी उद्धट म्हणून नाही, मी बोटीत आरडाओरडा केला म्हणून नाही. पुढे कधीतरी लागणाऱ्या चष्म्यापायी. आणि मुलाकडचा नकार, त्यापुढे कुणाचं काय चालणार?

मग आई उठली. जिने मला सहा महिने दहीभात खाऊन दाखवला असता, ती माझी आई. पदर खोचला आणि नानांपुढे जाऊन उभी राहिली.

"माझ्या मुलीच्या डोळ्यांत खोट काढता? तुमच्या पोराच्या नाकावर काय आहे ते आधी बघा! आज हिने जीव वाचवला तुमचा, आणि हे पांग फेडलेत? लाज नाही वाटत या वयात?"

"तुमचं म्हणणं बरोबर आहे," नाना म्हणाले.

"बरोबर आहे म्हणतात वर! अशा घरात मुलगी द्यायची वेळ आली होती आमच्यावर! देव पावला म्हणायचं!"

मामीनेही तोंड सोडलं. मामाने करंज्यांचं ताट उचलून आत नेलं. त्या घरात मी आल्यापासून सगळेच्या सगळे माझ्या बाजूने उभे होते, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं. आणि ज्याने ते घडवून आणलं, तो म्हातारा भर खोलीत सगळ्यांच्या शिव्या खात, मान खाली घालून कपातला उरलेला चहा संपवत होता.

मंडळी निघाली. मामा फाटकापर्यंत गेला नाही. तुषार गाडीत जाऊन बसलाही. नाना ओट्यावर बसून चपला शोधत होते, त्यांना वाकायला त्रास होत होता, आणि आमच्यातलं कुणी पुढे झालं नाही. मला धावत जाऊन त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटत होतं. पण नाकारलेली मुलगी त्या माणसाच्या पाया पडत नाही. पडले असते, तर आईला कळलं असतं, मामाला कळलं असतं, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं असतं. मी दारात उभी होते. त्यांनी एकदाच माझ्याकडे बघितलं. मग मी माझा मैदानावरचा आवाज लावला, आतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"निघा आता," मी म्हटलं. "आणि पुन्हा या घराची पायरी चढू नका."

नानांनी मान हलवली, आणि चपला पायात अडकवून ते निघाले.